ठमाईची गुरं

फार वर्षांपूर्वी, जेव्हा या माळावर सडक उमटली नव्हती आणि मोटार कुणी पाहिली नव्हती, विहिरीवरची मोट तेवढी ठाऊक होती, तेव्हा वाकी नदीच्या काठी तांबवडी गावात ठमा नावाची एक बाई राहायची.

ठमा गावाची गुरं राखायची. हे काम तिच्या बापाचं. बापाला मूलबाळ म्हणजे ही एकटीच. लग्न होऊन ती परगावी गेली, पण पटकीच्या साथीत नवरा गेला आणि ती माहेरी परत आली. तोवर बापाचे गुडघे धरले होते. एक दिवस सकाळी तिनं खुंटीवरची काठी काढली, खांद्यावर घोंगडी टाकली आणि वेशीत जाऊन उभी राहिली. लोक म्हणाले, "बाईमाणसानं गुरं वळायची? गुरं ऐकतील का?" ठमा म्हणाली, "गुरांनाच इचारा की." आणि तिनं हाक दिली.

ती हाक कशी होती ते आज कुणालाच काढून दाखवता येत नाही. पोटातून निघायची, माळावर पसरायची आणि टेकडीला वळसा घालून परत यायची. असं म्हणतात, की ठमानं वेशीत हाक दिली की पल्याडच्या शिवारातली गाय तोंडातला घास तसाच धरून कान टवकारायची. त्या दिवशी घराघरातून गुरं आपणहून बाहेर आली आणि तिच्यामागं चालू लागली. पुन्हा कुणी काही विचारलं नाही.

तिला प्रत्येक जनावराचं नाव ठाऊक होतं. निम्म्यांची तर तिनंच ठेवली होती. अंगावर पांढरे ठिपके असलेली म्हातारी गाय कवडी, रुंद छातीचा करडा कोसा बैल सरज्या, पहिल्यांदाच गाभण राहिलेली मैना. हाक मारायची तर नावानं, रागवायचं तर नावानं. काठी ती टेकायला वापरायची. मारताना तिला कुणी पाहिलं नाही.

आणि मग उन्हाळे बिघडायला लागले.

एका साली पाऊस अर्ध्यातच गेला. लोकांनी म्हटलं, पुढच्या वर्षी भरून काढील. पुढच्या वर्षी तो आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, तळातले खडक दिसले, खडकातल्या भेगा दिसल्या. तिसऱ्या उन्हाळ्यानं तर कहर केला. होळीच्या आधीच नदी आटली. बाभळीचा पाला संपला, शेंगा संपल्या. लोकांनी निवडुंगाचे काटे जाळून तो गुरांपुढं टाकला. मग छपरावरचं जुनं गवत उपसून घातलं. दुपारी माणसं घरात बसायची आणि वर बघितलं तर थेट आभाळ दिसायचं. माणसांसाठी नदीच्या वाळूत झिरे खणायचे, त्यात वाटी वाटीनं पाणी साठायचं. ते माणसांनाच पुरेना, गुरांना कुठून द्यायचं?

तेव्हा बयाजी पाटलानं गाव चावडीपुढं गोळा केलं. पाटील भला माणूस, पण त्या दिवशी त्याला कुणाकडं बघवेना.

"दावी सोडा," तो म्हणाला. "आपल्या डोळ्यांपुढं खुट्याला बांधून मरायला नकोत. मोकळी करा, जिकडं पाणी गावंल तिकडं जातील."

सगळ्यांना कळलं, की कुठंच पाणी गावणार नाही. माळावर जातील आणि पडतील. बायका पदर तोंडात धरून रडायला लागल्या. आणि बैल गेले तर पाऊस आला तरी पेरायचं कशानं, हेही प्रत्येकाच्या मनात होतं.

मागून ठमा उठली.

"पाटील, सोडायचीच तर माझ्या हवाली करा. म्या नेते मावळतीला."

"मावळतीला काय हाय?"

"डोंगर हाय."

"अगं, डोंगर हाय ते आमालाबी दिसतंय. तिथं पाणी हाय का? तू बघितलंस?"

"न्हाई बघितलं," ठमा म्हणाली. "तिथं काय हाय ते मला ठाऊक न्हाई. पर हितं काय हाय ते समद्यांस्नी ठाऊक हाय."

मग पाटील खाली उतरला, आपल्या गोठ्यात गेला आणि सरज्याचं दावं आणून त्यानं तिच्या हातात दिलं. त्यामागून सगळं गाव आपापली दावी घेऊन आलं. गडी म्हणाले आम्ही येतो, पण ठमानं कुणाला घेतलं नाही. "तुमी झिरे खणा," ती म्हणाली. "पोरं जगवा. पेरणीच्या आत म्या येते."

असं बोलून तर बसली. पण वेशीबाहेर पडल्यावर, नदीचं कोरडं पात्र ओलांडून गाव पाठीमागं गेल्यावर, तिला भीती वाटायला लागली. पुढं नुसता माळ. तांबडा, भाजलेला, खडीनं भरलेला. मागं सगळ्या गावाची लक्ष्मी. तिनं वळून पाहिलं तर सगळी जनावरं मान वर करून तिच्याकडंच बघत होती. तेव्हा तिनं पायातल्या वहाणा काढून फेकल्या. "तुमच्या पायांत न्हाईत, तर माझ्याबी नकोत," असं म्हणाली आणि हाक देऊन पुढं निघाली.

काय तो माळ! खाली दगड तापलेला, वर सूर्य तापलेला, मधे झाड नाही. दुपार झाली की गुरांच्या जिभा बाहेर यायच्या. एखादी गाय मटकन बसायची आणि मान टाकायची. मग ठमा तिच्यापाशी जायची, कानाला तोंड लावायची आणि तिचं नाव घ्यायची. एकदा, दोनदा, दहादा. असं म्हणतात, की ठमानं नावानं उठवलेलं जनावर पुन्हा बसत नसे. असं म्हणतात, की तिच्या पायाचं रक्त ज्या दगडांना लागलं ते दगड अजून तांबडे आहेत. दगड तर त्या माळाचे सगळेच तांबडे. पण बघा, कुणी असं म्हणत असेल तर आपण नाही कशाला म्हणायचं?

चालता चालता पुढं पाणसर गाव लागलं. पाणसरला एक डोह होता. तोही आटत आटत एवढासा उरलेला, पण होता. आणि गुरांना त्याचा वास कोसभर आधीच लागला. मरगळलेल्या माना वर झाल्या, पावलं उचलली, कळप ठमाला मागं टाकून निघाला. डोह दिसू लागला तोच पाणसरचे गडी गोफणी घेऊन आडवे आले. सगळ्यात पुढं त्यांचा म्होरक्या दौलू, गोफणीत धोंडा घालून उभा.

"मागं फिर, बाई! आमचंच आमाला पुरंना. एक घोट मिळायचा न्हाई."

मागून तहानलेला कळप, पुढून गोफणी. आणखी चार ढांगा पडल्या असत्या तर धोंडे सुटले असते आणि माळावर रक्ताचा सडा पडला असता. ठमा धावत पुढं आली, दोन्ही हात पसरून मधे उभी राहिली आणि ओरडली,

"बसा रं समदी! बसाऽऽ!"

आणि बसली! असं म्हणतात, की पाणी डोळ्यांपुढं असताना, जीभ टाळ्याला चिकटलेली असताना, तो सबंध कळप होता तिथं खाली बसला. पाणसरच्या लोकांचे हात गोफणीसकट वरच राहिले.

ठमा दौलूकडं वळली. "दादा, डोह तुमचा. म्या मागत न्हाई. पर माझी गुरं आता हलायची न्हाईत. म्या त्यास्नी पाणी न्हाई म्हणून कधी सांगितलं न्हाई, माझ्या तोंडून निघायचं न्हाई. तवा तुमीच सांगा."

"म्या काय सांगू?"

"हेच, जे मला सांगितलंत. ह्यो कोसा, ह्याचं नाव सरज्या. ह्याला म्हणा, सरज्या, पाणी न्हाई, ऊठ. ही कवडी, हिनं आमच्या गावात किती पोरांस्नी दूध पाजलं त्याची मोजदाद न्हाई. हिला म्हणा, कवडे, मागं फिर. अन् ही मैना. पहिलारू हाय, पोटात वासरू हाय. हिला बी सांगा."

दौलू रागानं पुढं आला. सांगतोच म्हणाला. मैनेपुढं उभा राहिला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात मैनेनं मान लांब केली आणि त्याच्या हाताला आलेला घाम चाटायला लागली. कोरडी, खरखरीत जीभ. दौलूनं हात मागं घेतला नाही. त्याच्या गोठ्यातही गाभण गाय होती म्हणतात.

शेवटी त्यानं गोफणीतला धोंडा खाली टाकला. "मला न्हाई सांगता यायचं," तो आपल्या माणसांना म्हणाला. "तुमच्यात कुणाला येत आसंल त्यानं पुढं या."

कुणी पुढं आलं नाही.

मग काय विचारता! कळप डोहाला भिडला आणि नुसता सुर्र सुर्र असा आवाज माळभर झाला. आणि असं म्हणतात, की एवढा कळप पिऊन उठला, पण डोहाची रेघ बोटभरही खाली गेली नाही. पाणसरची माणसं काठावर वाकून वाकून बघत होती.

निघायच्या वेळी दौलू तिच्यापाशी आला. आता त्याचा आवाज निराळा होता. "बाई, पुढल्या चार दिसांत आमच्या बी डोहाचा चिखल हुईल. आमची गुरं बी घेऊन जा."

"नावं सांगा," ठमा म्हणाली.

पाणसरच्या बायका एकेक जनावर पुढं आणून नाव सांगू लागल्या. ठमा प्रत्येकाच्या कपाळावर हात ठेवायची, नाव एकदा तोंडानं म्हणायची आणि पुढच्याकडं वळायची. पुढच्या गावातही असंच झालं, त्याच्या पुढच्या गावातही. कळप फुगत गेला. धुरळा असा उठायचा की दूरच्या गावांना वाटायचं वावटळ आली. आणि ठमाला आता भीती वाटत नव्हती असं नाही. वाटत होती, जास्तच वाटत होती. आधी एका गावाचा जीव तिच्यामागं चालत होता, आता साऱ्या मुलखाचा. आणि डोंगरात पाणी आहे की नाही, हे तिला अजूनही ठाऊक नव्हतं.

डोंगर जवळ आला तसा तो उंच होत गेला. काळा, सरळ, भिंतीसारखा. ठमा पायथ्याला उभी राहून वर बघत राहिली. वाट नाही. झाड नाही. पाण्याचा थेंब नाही. ती एका दगडावर बसली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला एकही नाव आठवेना.

तेवढ्यात कवडीनं मान वर केली आणि नाक फेंदारलं.

मग सरज्यानं. मग मैनेनं. आणि मग अख्खा कळप एका अंगाला वळला आणि सुटला! ठमा उठून धावली. बघते तर पुढं डोंगराला एक चीर, एक खिंड, अशी अरुंद की एका वेळी एकच जनावर जावं. आणि त्या खिंडीतून गार वारा येत होता. ओल्या मातीचा वास असलेला वारा! गुरं बेभान झाली होती. अशीच घुसली असती तर एकमेकांना चेंगरून त्या दारातच मेली असती. तिथवर येऊन, पाण्याच्या दारात!

ठमा कशी धावली ते तिचं तिला कळलं नाही. असं म्हणतात, की ती गुरांच्या पाठींवरून धावली. कळपाच्या आधी ती खिंडीच्या तोंडाशी पोचली, वळली, काठी आडवी धरली. समोरून शिंगांची लाट येत होती. जमीन हादरत होती. तिनं डोळे मिटले नाहीत.

"कवडेऽऽ!"

कवडीनं चारही पाय रोवले. घसरत घसरत आली आणि तिचं ओलं नाक ठमाच्या छातीला टेकलं तेव्हा थांबली. तिच्यामागं सगळा कळप थांबला.

"जा, बाय," ठमा म्हणाली आणि बाजूला झाली. कवडी आत गेली. "सरज्या!" सरज्या गेला. "मैना!" मैना गेली. एकेकाचं नाव, एकेकाची पाळी. तांबवडीची, पाणसरची, साऱ्या गावांची. सकाळी सुरू झालेलं हे बोलावणं ऊन कलेपर्यंत चाललं, आणि एक नाव चुकलं नाही, एक जनावर दुसऱ्याच्या नावावर हललं नाही. सगळ्यांच्या शेवटी ठमा स्वतः आत शिरली.

पलीकडं हिरवंगार खोरं होतं. गुडघाभर गवत. कातळातून झरा उड्या मारत येत होता आणि खाली कुंडात साठत होता. गुरं पोटापर्यंत पाण्यात उभी होती. ठमानं ते बघितलं, आणि हसायला लागली. एकटीच, मोठ्यांदा, डोंगराला ऐकू जाईल असं. मग ओंजळभर पाणी प्याली. ती खिंड पुढं पुष्कळांनी शोधली. पायथ्याशी हात लावून लावून शोधली. असं म्हणतात, की ती ठमाशिवाय कुणालाच सापडली नाही.

उन्हाळाभर ती तिथं राहिली. मैनेला कालवड झाली, आणखी कितीतरी गाई व्याल्या. मग डोंगरावर ढग उतरले, कोसळायला लागले, आणि ठमानं कळप परतीला काढला. वाटेत गावोगावची गुरं तिनं त्या त्या वेशीत सोडली. पाणसरला दौलूनं आपली गाय ओळखलीच नाही, एवढी ती भरली होती. पण ठमा कुठं थांबली नाही. पेरणीच्या आत येते, असं सांगून आली होती ना?

आणि वाकीच्या काठावर येऊन बघते, तर नदी दुथडी! डोंगरातलं सगळं पाणी तिच्याआधी येऊन पोचलेलं. तांबडा लोंढा, त्यात झाडं वाहतायत. पलीकडं तांबवडी. पलीकडं भिजलेली, काळी झालेली जमीन. आणि त्या जमिनीत माणसं पेरणीची पाभर ओढत होती. बैलांच्या जागी माणसं! बयाजी पाटील स्वतः जुवाखाली वाकलेला, आणि मागं त्याची बायको पाभर धरून चाललेली. दोन पावलं ओढायचे, थांबायचे, पुन्हा ओढायचे. एवढा मोठा माणूस जुवाखाली बघून ठमाच्या डोळ्यांना पाणी आलं. ओल गेली की पेरणी गेली. पूर उतरायची वाट बघायला सवडच नव्हती.

तिनं पदर खोचला. "सरज्या, चल," ती म्हणाली आणि लोंढ्यात उतरली.

सरज्या उतरला. त्याच्यामागं गावचे सगळे थोराड बैल उतरले. आणि असं म्हणतात, की ते बैल पाण्याच्या वरच्या अंगाला एकमेकांना खेटून उभे राहिले. छातीला छाती, खांद्याला खांदा, या काठापासून त्या काठापर्यंत. बैलांचं धरण! लोंढा त्यांच्यावर आदळायचा, फुटायचा, शिंगांवरून फेस उडायचा, पण एक बैल हलला नाही. त्यांच्या आडोशानं गाई निघाल्या. गाईंच्या आडोशानं वासरं. आणि ठमा नदीच्या मधोमध, मानेपर्यंत पाण्यात, एका हातानं सरज्याचं शिंग धरून एकेकाला हाक मारत होती.

पलीकडं पाटलानं मान वर केली. "ही हाक..." तो एवढंच म्हणाला आणि त्यानं जू टाकून दिलं. सगळं गाव काठाकडं धावलं. बाया, म्हातारे, लेकरं पाण्यात उतरली, हाताला लागेल त्या वासराला ओढून घेऊ लागली. ओरडा, हंबरडा, रडणं, हसणं, कुणाचं काय चाललंय कुणाला कळेना! शेवटचं वासरू काठाला लागलं तेव्हा ठमानं बैलांना हाक दिली. ते एकेक करत निघाले, आणि शेवटी सरज्याच्या शिंगाला धरून ती बाहेर आली. बोलायला गेली, तर आवाज निघेना. हाक देऊन देऊन तिचा गळा पार बसला होता. पाटलीणबाईनं तिला मिठी मारली आणि म्हणाली, "नगं बोलू, बये. आता आमी बोलतो."

त्याच दिवशी पेरणी झाली. सरज्यानं अंगावरच्या चिखलासकट जू मानेवर घेतलं, आणि पाटील त्याच्यामागं पाभर धरून रडत रडत चालला.

ठमाचा आवाज पुढं परत आला, पण पहिल्यासारखा नाही. घोगरा, हळू. गुरांना तेवढा पुरायचा. जेव्हा जेव्हा उन्हाळा बिघडला तेव्हा तेव्हा तिनं कळप मावळतीला नेला, आणि वाटेवरची गावं तिच्यासाठी पाणी राखून ठेवू लागली. ती म्हातारी झाली, लोक तिला ठमाई म्हणायला लागले. मग एका साली गुरं परत आली ती एकटीच. धष्टपुष्ट, शिस्तीत, एकामागं एक. वेशीत आली आणि आपापल्या गोठ्याकडं वळली. ठमाई त्यांच्यात नव्हती. लोकांनी फार शोधलं. असं म्हणतात, की ती अजून त्या खोऱ्यात आहे, आणि वळवाच्या ढगांत जो घुमतो तो तिचा आवाज आहे.

आता सडक झाली, विजेचे खांब आले, आणि उन्हाळे तर वर्षागणिक जास्तच बिघडतायत. तांबवडीला टँकर येतो. तो आला की हंड्यांची झुंबड उडते, भांडणं होतात, झिंज्या उपटल्या जातात. पण पहिली घागर कुणी घरी नेत नाही. वेशीत गुरांना पाणी पाजायची दगडाची एक डोण आहे, ती आधी भरायची, मग आपलं भांडं लावायचं. पाणसरलाही तशी डोण आहे, आणि तिथून डोंगरापर्यंत वाटेवरच्या प्रत्येक गावाला आहे. बेंदराला इतर गावांत बैलांच्या मिरवणुकीपुढं गडी असतो. तांबवडीत बाई असते, अनवाणी, खांद्यावर घोंगडी टाकलेली, आणि ती प्रत्येक बैलाला नावानं हाक मारते.

आणि भर उन्हाळ्यात कुठल्यातरी लांबच्या मुलखाचा धनगर, कुठला तरी अनोळखी गुराखी, धुळीनं माखलेला कळप घेऊन त्या वेशीत येतो. डोणीपाशी बसलेली म्हातारी माणसं रीत म्हणून विचारतात,

"कुणाची रं गुरं?"

नव्या माणसाला उत्तर ठाऊक नसतं. तो आपल्या गावाचं नाव सांगायला लागतो. तेव्हा ती म्हातारी माणसं हात वर करून त्याला थांबवतात, आणि काय म्हणायचं ते शिकवतात. मग तो म्हणतो,

"ठमाईची."

"मग पाजा," ती म्हणतात, आणि सरकून जागा देतात.